पत्रा, फर्मा आणि मुखवटा : अमेरिकी स्टॉक कारच्या बॉडीचा पाऊणशे वर्षांचा इतिहास

१/
'स्टॉक' या शब्दाचा साधा अर्थ दुकानात विक्रीसाठी ठेवलेला तयार माल. 'स्टॉक कार' म्हणजे शोरूममधून कोणीही विकत घेऊ शकेल अशी गाडी. अमेरिकेतील नॅस्कार या संस्थेच्या शर्यती याच नावाने ओळखल्या जातात. मात्र आज त्या ट्रॅकवर धावणारी फोर्ड, शेव्हरोले किंवा टोयोटा जगातील कोणत्याही शोरूममध्ये मिळत नाही. तिचे पुढचे दिवेसुद्धा खरे नसतात. ती चिकटवलेली चित्रे असतात.

मग या गाड्या एकमेकींहून वेगळ्या दिसतात त्या कशामुळे? आणि किती वेगळे दिसायचे हे ठरवतो कोण? या दोन प्रश्नांचा मागोवा घेणारा हा धागा.

२/
इतिहासाच्या अभ्यासात आपण नाणी, शिलालेख, कागदपत्रे यांना साधने म्हणतो. गाडीच्या बॉडीचा आकार हेही तितकेच बोलके साधन आहे. काच किती तिरपी, टप किती उंच, नाक किती टोकदार, यांतील प्रत्येक रेषेमागे एक वाद, एक निर्णय आणि बहुधा कोणाची तरी तक्रार असते.

या वादात तीन पक्ष आहेत : गाड्या विकणाऱ्या कंपन्या, गाड्या पळवणारे संघ आणि नियम करणारी संस्था. त्यांच्यातील बळाचा तोल जसजसा बदलला, तसतसा पत्र्याचा आकार बदलत गेला. आरंभ करू १९४७ पासून.

३/
डिसेंबर १९४७. फ्लोरिडातील डेटोना बीच येथील स्ट्रीमलाइन हॉटेलात बिल फ्रान्स यांनी शर्यतींचे आयोजक, चालक आणि मेकॅनिक यांची बैठक बोलावली. तिच्यातून फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅस्कार ही संस्था अस्तित्वात आली.

युद्धकाळात अमेरिकेत नागरी मोटारींचे उत्पादन थांबले होते. युद्धानंतर नव्या मॉडेलांची लोकांना विलक्षण ओढ होती. फ्रान्स यांनी नेमके हेच हेरले. लोक स्वतः चालवतात किंवा घेऊ इच्छितात त्याच गाड्या शर्यतीत धावल्या, तर प्रेक्षक येतील. या वर्गाचे नावच 'स्ट्रिक्टली स्टॉक' म्हणजे 'काटेकोरपणे दुकानातली' असे ठेवण्यात आले.

४/
पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर झाली. ३३ गाड्या उतरल्या होत्या. फोर्ड, लिंकन, हडसन, ब्युइक, ओल्ड्समोबिल अशी कंपन्यांची सरमिसळ होती आणि आकारांचीही. ली पेटी हे ब्युइक घेऊन आले होते. ती शर्यतीतच उलटली.

१९४७ सालच्या फोर्डमध्ये ग्लेन डनअवे यांनी शर्यत जिंकली. पण तपासणीत त्यांच्या गाडीचे मागचे स्प्रिंग बदललेले आढळले. चोरटी दारू वाहून नेणाऱ्या गाड्यांत अशी युक्ती करत असत. डनअवे बाद झाले आणि लिंकनमधून आलेले जिम रोपर विजयी ठरले.

५/
डनअवे यांच्या गाडीचा मालक न्यायालयात गेला. दावा फेटाळला गेला. या निकालाने एक मोठी गोष्ट ठरली : 'दुकानातली गाडी' म्हणजे काय, हे ठरवण्याचा अधिकार नॅस्कारचा.

पहिल्याच शर्यतीत पहिलाच विजेता बाद व्हावा, यात या खेळाचे सारे भवितव्य सामावले होते. पुढील पाऊणशे वर्षे हा वाद मिटला नाही, फक्त त्याची जागा बदलत गेली. आधी तो स्प्रिंगविषयी होता, नंतर इंजिनाविषयी झाला आणि अखेरीस बॉडीच्या बाह्य रेषेवर येऊन ठेपला.

६/
सुरुवातीच्या काळात कंपन्यांमधील फरक खरोखर बाजारातून येत असे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे हडसन हॉर्नेट. हडसनने आपल्या गाडीचा तळ चौकटीच्या वर न बसवता चौकटीच्या आत खाली घेतला होता. गाडीत शिरताना माणूस एक पायरी उतरत असे. कुटुंबाला ऐसपैस बसता यावे, हा त्यामागील हेतू.

परंतु त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला आणि वळणावर ती प्रतिस्पर्ध्यांपेक्षा स्थिर राहू लागली. १९५२ साली ३४ पैकी २७ शर्यती हडसनने जिंकल्या. सहा सिलिंडरची ही गाडी आठ सिलिंडरच्या गाड्यांना हरवत होती.

७/
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हडसनचा आकार शर्यतीसाठी घडवलेला नव्हता. ग्राहकासाठी केलेल्या रचनेचा शर्यतीत अनपेक्षित लाभ झाला. म्हणजे कार्यकारणाचा प्रवाह शोरूमकडून ट्रॅककडे वाहत होता.

विजयांनी हडसन कंपनी मात्र वाचली नाही. मोठ्या कंपन्यांशी बाजारात टिकाव न लागल्याने १९५४ मध्ये ती नॅशमध्ये विलीन झाली आणि अमेरिकन मोटर्सचा जन्म झाला. ट्रॅकवरील यश आणि दुकानातील यश एकच असते असे नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. मोठ्या कंपन्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही.

८/
१९५९ मध्ये अडीच मैलांचा डेटोनाचा ट्रॅक खुला झाला. त्याची वळणे ३१ अंशांनी तिरपी होती. मातीच्या लहान ट्रॅकवर चालकाचे कौशल्य आणि गाडीची पकड महत्त्वाची होती. येथे गाडी प्रदीर्घ काळ पूर्ण वेगाने धावू लागली. अशा वेगाला सर्वांत मोठा अडथळा हवेचा असतो.

वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि तो रोध भेदण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. म्हणजे इंजिनातून थोडा जादा वेग काढणे फार महाग पडते. तोच वेग टपाचा उतार बदलून स्वस्तात मिळू शकतो. अभियंत्यांचे लक्ष आता पत्र्याकडे वळले.

९/
हवेचा दुसरा त्रास अधिक भयावह होता. गाडीवरून वाहणारी हवा विशिष्ट आकारांवर उचल निर्माण करते, जशी विमानाच्या पंखावर करते. १९६६ सालच्या डॉज चार्जरचा टप मागे लांबवर उतरत जाणारा होता. दिसायला देखणा, पण वेगात गाडीचा मागचा भाग हलका होऊन चाके जमीन सोडू पाहत.

उपाय म्हणून डिकीच्या कडेवर एक छोटी उभी पट्टी बसवण्यास नॅस्कारने परवानगी दिली. हाच स्पॉइलर. त्या पट्टीसह चार्जरने जुलै १९६६ ची डेटोनाची शर्यत जिंकली. छोटासा पत्राही निकाल फिरवू शकतो, हे साऱ्यांना उमगले.

१०/
त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटा येथे एक विचित्र पिवळी फोर्ड अवतरली. ज्युनियर जॉन्सन यांच्या संघाने तिचा टप कापून खाली घेतला होता, समोरची काच अधिक तिरपी केली होती, नाक खाली झुकवले होते आणि शेपूट वर उचलले होते. बाजूने पाहता ती केळ्यासारखी दिसे. तिला 'यलो बनाना' हे नाव कायमचे चिकटले.

कोणत्याही शोरूममध्ये अशी फोर्ड नव्हती, तरी ती तपासणीत उत्तीर्ण झाली. कारण स्पष्ट होते. इंजिनाच्या नियमांवरून फोर्डने त्या वर्षी बहिष्कार टाकला होता, प्रेक्षक घटले होते आणि फ्रान्स यांना फोर्ड परत हवी होती.

११/
त्याच शर्यतीत स्मोकी युनिक या कल्पक मेकॅनिकची शेव्हरोले शेव्हेलही होती. युनिक यांच्या शेव्हेलविषयी एक आख्यायिका आजही सांगितली जाते : ती मूळ गाडीच्या सात-अष्टमांश आकाराची होती म्हणे! आख्यायिका आख्यायिकेच्या जागी ठेवावी. पण ती लोकांना खरी वाटली, यातच त्या काळाचे चित्र आहे. गाडी खरी की खोटी, हे नुसत्या नजरेने सांगता येईनासे झाले होते.

यानंतर नॅस्कारने फर्मे आणले. मूळ मॉडेलच्या रेषेबरहुकूम कापलेला धातूचा पत्रा गाडीवर ठेवायचा आणि मध्ये फट राहते का ते पाहायचे. शिंपी कापडावर बेताचा कागद ठेवतो, तसेच काहीसे.

१२/
फर्म्यांमुळे गाडी मूळ मॉडेलप्रमाणेच असणे बंधनकारक झाले. कंपन्यांनी यावर जे उत्तर शोधले ते अफलातून होते : शर्यतीची गाडी बदलता येत नसेल, तर मूळ मॉडेलच बदलू!

नियम असा होता की किमान ५०० गाड्या बनवून विक्रीस ठेवल्या, की ते मॉडेल 'दुकानातले' मानले जाईल. त्यातून १९६९ आणि १९७० ही दोन अद्भुत वर्षे जन्माला आली. इतिहासकार त्यांना 'एरो वॉर्स', म्हणजे हवेची युद्धे, म्हणतात. हडसनच्या काळातील प्रवाह आता उलटा फिरला. ट्रॅक हुकूम सोडू लागला आणि कारखाना तो पाळू लागला.

१३/
१९६८ च्या नव्या चार्जरची पुढची जाळी खोल बसवलेली होती आणि मागची काच दोन खांबांमध्ये आत दबलेली होती. रस्त्यावर रुबाबदार, ट्रॅकवर दोन्ही ठिकाणी हवा अडके. तिच्यापुढे फोर्ड टोरिनो आणि मर्क्युरी सायक्लोन यांचे सलग उतरते टप सरस ठरले.

डॉजने उत्तर दिले चार्जर ५०० या मॉडेलने : जाळी पुढे आणून सपाट केली, मागची काच कडेशी समतल केली. फोर्डने लगेच टोरिनोचे नाक सुमारे सहा इंच लांबवून निमुळते केले आणि त्या गाडीला अलाबामात बांधल्या जाणाऱ्या नव्या ट्रॅकचेच नाव दिले : टॅलाडेगा.

१४/
डॉजने यावर केलेली चाल पाहून प्रेक्षक थक्क झाले. चार्जर डेटोना : पुढे सुमारे दीड फुटाचे टोकदार नाक आणि मागे दोन उंच खांबांवर पेललेला, जवळजवळ दोन फूट उंचीचा पंख. नाक हवा भेदत असे आणि पंख मागच्या चाकांना जमिनीवर दाबून धरत असे.

१४ सप्टेंबर १९६९ रोजी टॅलाडेगाच्या पहिल्याच शर्यतीत ही गाडी उतरली आणि जिंकली. पण त्या विजयाला गालबोट होते. एवढ्या वेगात टायर टिकत नाहीत, असे सांगून बहुतेक नामवंत चालकांनी शर्यतीवर बहिष्कार टाकला होता. विजेते रिचर्ड ब्रिकहाउस हे त्या मानाने अपरिचित नाव होते.

१५/
डॉज आणि प्लिमथ या दोन्ही क्रायस्लरच्याच कंपन्या. तरी त्यांच्यातही सुंदोपसुंदी होती. ली पेटी यांचे पुत्र रिचर्ड पेटी हे प्लिमथचे सर्वांत मोठे चालक. आपल्याला डॉजसारखी हवेला साजेशी गाडी मिळत नाही, हे पाहून १९६९ च्या मोसमासाठी ते थेट फोर्डकडे गेले.

त्यांना परत आणण्यासाठी प्लिमथने १९७० मध्ये सुपरबर्ड बनवली. बॉडीच्या एका आकारावरून अव्वल चालकाने कंपनी सोडावी आणि दुसऱ्या आकारावरून तो परतावा, हे याआधी घडले नव्हते. त्या वर्षीची डेटोना ५०० शर्यत पेटींच्याच संघाच्या सुपरबर्डने जिंकली. चालक होते पीट हॅमिल्टन.

१६/
सुपरबर्ड आणि चार्जर डेटोना जुळ्या बहिणी वाटतात. त्या तशा नाहीत. सुपरबर्डच्या मूळ गाडीला ते नाक बसेना, म्हणून तिला डॉज कोरोनेटचे मडगार्ड आणि बॉनेट उसने घ्यावे लागले. मागची काच बदलताना पडलेले जोडकामाचे ओबडधोबड वण झाकण्यासाठी टपावर व्हिनाइलचे आच्छादन चढवले. पंखाचे खांबही दोन्ही गाड्यांचे निराळे.

ग्राहकाला ते व्हिनाइल शोभेसाठी आहे असे वाटले असेल. प्रत्यक्षात ते घाईचे पांघरूण होते. शर्यतीची तारीख गाठण्यासाठी कारखान्याने केलेली धावपळ त्या टपावर आजही वाचता येते.

१७/
नॅस्कारनेही नियम कडक केला होता. आता ५०० गाड्या पुरेशा नव्हत्या. कंपनीने प्रत्येक दोन विक्रेत्यांमागे एक गाडी बनवावी असे ठरले. त्यामुळे सुमारे १,९०० सुपरबर्ड तयार झाल्या. सामान्य ग्राहकाला मात्र दारात उभी करता न येणारी, लांब नाकाची, डोक्यावर पंख असलेली ही गाडी नको होती. कित्येक सुपरबर्ड शोरूममध्ये पडून राहिल्या. काही विक्रेत्यांनी नाक आणि पंख काढून त्या साध्या करून विकल्या.

'रविवारी जिंका, सोमवारी विका' हे त्या काळातील मोटारविश्वाचे ब्रीद. सुपरबर्ड रविवारी जिंकत होती. सोमवारी तिला गिऱ्हाईक नव्हते.

१८/
२४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगावर बडी बेकर यांनी चार्जर डेटोनातून ताशी २००.४४७ मैल, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटर, असा वेग नोंदवला. बंदिस्त ट्रॅकवर ताशी २०० मैलांचा टप्पा प्रथमच ओलांडला गेला.

नॅस्कारला हा वेग भिववणारा होता. १९७१ साठी नियम आला : अशा खास आकाराच्या गाड्यांनी केवळ ३०५ घनइंचांचे, म्हणजे पाच लिटरचे, इंजिन वापरावे. इतर गाड्यांना सात लिटरची मुभा होती. कोणीही पंखावर बंदी घातली नाही. पंख निरुपयोगी केला. सत्ता कायद्याने जे करत नाही ते कराने करते, त्याचा हा नमुना.

१९/
हीच गोष्ट १९८० च्या दशकात सौम्य रूपात पुन्हा घडली. १९८३ मध्ये फोर्डने थंडरबर्डला गोलसर, गुळगुळीत आकार दिला. शेव्हरोले मॉन्टे कार्लोची मागची काच मात्र उभी होती. १९८५ मध्ये बिल एलियट यांनी थंडरबर्डमधून ११ शर्यती जिंकल्या.

शेव्हरोलेने १९८६ मध्ये काच तिरपी केलेली 'एरोकूप' आणली. पहिल्या वर्षी केवळ २०० बनवल्या, नियमापुरत्या. काच इतकी मागे आली, की डिकीचे झाकण अगदी अरुंद झाले. मोठी बॅग आत सरकवणे कठीण. पाँटियाकनेही ग्रांप्रीची अशीच आवृत्ती काढली. पुन्हा एकदा ट्रॅकच्या गरजेची किंमत ग्राहकाची डिकी चुकवत होती.

२०/
१९८७ च्या मे महिन्यातील टॅलाडेगाच्या शर्यतीसाठी एलियट यांनी पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैलांचा वेग गाठला. तो विक्रम आजही अबाधित आहे. ३ मे रोजी प्रत्यक्ष शर्यतीत बॉबी ॲलिसन यांच्या ब्युइकचा टायर फुटला. गाडी उलटी फिरून हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांसमोरील कुंपणावर आदळली. कुंपण फाटले, काही प्रेक्षक जखमी झाले. गाडी थोडी अधिक वर गेली असती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

ॲलिसन बचावले. ती शर्यत त्यांच्याच मुलाने, डेव्ही ॲलिसनने, जिंकली. या मालिकेतील त्याचा तो पहिला विजय.

२१/
१९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगा येथे इंजिनाची हवा कमी करणारी छिद्रांची पट्टी सक्तीची झाली. १९९४ मध्ये टपावर झडपा आल्या. गाडी उलटी फिरली की त्या आपोआप उघडून उचल मोडतात.

दरम्यान 'दुकानातली' हा शब्द पोकळ होत चालला होता. १९९८ ची फोर्ड टॉरस शोरूममध्ये चार दारांची, सहा सिलिंडरची आणि पुढच्या चाकांवर चालणारी कौटुंबिक गाडी होती. ट्रॅकवरील टॉरसला उघडणारे दारच नव्हते, सिलिंडर आठ आणि जोर मागच्या चाकांना. नळ्यांच्या सांगाड्यावर हाताने घडवलेला पत्रा चढवलेला असे. नाव आणि चेहरा तेवढा टॉरसचा.

२२/
कंपन्यांचे आकार निराळे असल्याने तक्रारींना अंत नव्हता. एका कंपनीच्या गाड्या जिंकू लागल्या, की इतरांनी गाऱ्हाणे मांडावे आणि नॅस्कारने मोसमाच्या मध्यातच कोणाचा स्पॉइलर पाव इंचाने छाटावा, तर कोणाला तितकीच सवलत द्यावी. न्याय आणि राजकारण यांतील सीमारेषा पुसट झाली.

त्यातच २००० आणि २००१ या वर्षांनी खेळाला हादरवले. मे २००० मध्ये ली पेटी यांचा पणतू ॲडम पेटी वयाच्या १९ व्या वर्षी सरावादरम्यान मृत्यू पावला. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या अखेरच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेले. आता प्रश्न पत्र्याच्या आतील माणसाचा होता.

२३/
२००३ मध्ये बहुतांश सामाईक फर्मे आले. २००७ मध्ये तर 'कार ऑफ टुमारो', म्हणजे उद्याची गाडी, अवतरली. चालकाची जागा मध्याकडे सरकवली, टप उंच केला, बाजूला धक्का शोषणारा फोम बसवला. बॉडी सर्व कंपन्यांसाठी जवळपास एकच. तपासणीसाठी एकच मोठी जाळीदार चौकट गाडीवर उतरवली जाई. संघ तिला 'पंजा' म्हणत.

त्याच वर्षी टोयोटा या मालिकेत आली. परदेशी कंपनीच्या आगमनावरून बरीच कुजबुज होती. परंतु स्टिकर काढले तर टोयोटा कोणती आणि शेव्हरोले कोणती, हे सांगणे कठीण होते. मार्च २००७ मध्ये पहिलीच शर्यत जिंकून काइल बुश यांनी विजयमंचावरच या गाडीविषयी नापसंती बोलून दाखवली.

२४/
सुरक्षिततेच्या कसोटीवर ही कुरूप गाडी खरी उतरली. एप्रिल २००८ मध्ये टेक्सास येथे मायकेल मॅकडॉवेल यांची गाडी पूर्ण वेगात भिंतीवर आदळून अनेक कोलांट्या खात गेली. ते स्वतःच्या पायांनी बाहेर आले आणि त्यांनी प्रेक्षकांना हात हलवून दाखवला.

तिच्या मागच्या पंखावर मात्र शंका होत्या. एप्रिल २००९ मध्ये टॅलाडेगावर कार्ल एडवर्ड्स यांची गाडी हवेत उडून कुंपणावर आदळली. ते उतरले आणि अंतिम रेषेपर्यंत धावत गेले! २०१० मध्ये पंख जाऊन स्पॉइलर परतला. तरी चाहत्यांची आणि कंपन्यांची खंत कायम राहिली : आपली गाडी ओळखू येत नाही.

२५/
म्हणून २०१३ मध्ये ओळख परत देण्यात आली, पण मोजून मापून. टप आणि काचांची चौकट समान. नाक, बाजू आणि बॉनेट कंपनीचे. फोर्ड फ्यूजन, शेव्हरोले एसएस आणि टोयोटा कॅमरी पुन्हा वेगळ्या दिसू लागल्या. डॉजनेही नव्या चार्जरचा आराखडा दाखवला होता; पण तिचा प्रमुख संघ फोर्डकडे गेला आणि २०१२ चे विजेतेपद मिळवूनही डॉजने निरोप घेतला. ती चार्जर कधीच धावली नाही.

गंमत अशी, की 'परदेशी' कॅमरी केंटकीत तयार होत होती; अस्सल 'अमेरिकी' शेव्हरोले एसएस ऑस्ट्रेलियातून येत होती आणि फ्यूजन मेक्सिकोतूनही.

२६/
२०२२ पासूनच्या गाडीत पत्राच उरलेला नाही. संमिश्र द्रव्याचे भाग एकाच पुरवठादाराकडून येतात आणि बोल्टने जोडले जातात. चाके, सांगाडा, सपाट तळ सर्वांना सारखेच. प्रत्येक कंपनी आपला चेहरा रेखाटते, वाऱ्याच्या बोगद्यात त्याची चाचणी होते आणि हवेचा रोध व दाब ठरवून दिलेल्या मर्यादेत आला तरच मंजुरी मिळते. धातूच्या फर्म्याची जागा कॅमेऱ्यांनी घेतली आहे.

म्हणजे फरक दिसावा, पण परिणाम सारखा असावा. दशावतारातील मुखवटे निराळे असतात आणि रंगमंच एकच असतो, तशी ही स्थिती.

२७/
तरीही जुना वाद संपला का? २४ जुलै २०२२ रोजी पोकोनो येथे डेनी हॅमलिन यांनी शर्यत जिंकली. तपासणीत त्यांच्या टोयोटाच्या पुढील भागावर, रंगीत वेष्टणाखाली, व्हिनाइलचा जास्तीचा पातळ थर आढळला. ते बाद झाले. दुसरे आलेले त्यांचे सहकारी काइल बुश यांच्या गाडीतही तेच आढळल्याने तेही बाद झाले. विजय चेस एलियट यांना मिळाला. चेस हे थंडरबर्डवाल्या बिल एलियट यांचे चिरंजीव.

विजेता बाद होण्याची या मालिकेतील १९६० नंतरची ही पहिलीच वेळ. १९७० मध्ये सुपरबर्डच्या टपावरील व्हिनाइलने घाई झाकली होती. २०२२ मध्ये वेष्टणाखालच्या व्हिनाइलने विजय घालवला.

२८/
आता आरंभीच्या प्रश्नाकडे. कंपन्यांच्या बॉडीतील फरक कोण ठरवतो? १९५२ मध्ये ग्राहकाची सोय ठरवत होती. १९७० मध्ये शर्यतीची गरज ठरवू लागली आणि तिने ग्राहकालाच वेठीस धरले. २००७ मध्ये सुरक्षिततेने आणि समतेच्या आग्रहाने फरक जवळजवळ पुसला. आज तो ठरतो ब्रँडची ओळख आणि नियमाची मर्यादा यांच्या वाटाघाटीतून.

मोकळ्या फरकातून सुपरबर्डसारखी अलौकिक गाडी निघाली आणि ३ मे १९८७ चा अपघातही निघाला. आजचा साचेबंद चेहरा पाहून हळहळणाऱ्याने ॲडम पेटीचे वय आठवावे. आणि सारखेपणाचे गोडवे गाणाऱ्याने विचारावे, की चेहराच नसेल तर लोक कोणाच्या बाजूने ओरडतील?

२९/
अखेरची एक नोंद. शेव्हरोले कॅमारोचे उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबले. २०२४ च्या मोसमात कॅमारो ट्रॅकवर मात्र धावत राहिली. 'दुकानातली' म्हणून सुरू झालेल्या खेळात दुकानातून नाहीशी झालेली गाडी फक्त शर्यतीत जिवंत होती.

१९४९ मध्ये एका स्प्रिंगवरून जो प्रश्न न्यायालयात गेला, त्याचे उत्तर प्रत्येक पिढीने नव्याने लिहिले आहे. आपल्याला यांतील कोणता कालखंड सर्वाधिक न्याय्य वाटतो, हे खाली अवश्य लिहावे; मतभेदांचे स्वागत आहे.

धागा समाप्त.